हिपॅटायटीस सी : डिंडोलीतून गावाकडे गाडी पकडण्याआधी हे वाचा, औषध बारा आठवड्यांचं आहे

डिंडोली (सुरत) : समजा, डिंडोलीतल्या एका खान्देशी घरात ही गोष्ट घडते. वहिनीचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलेलं आहे. ऑपरेशनआधी सगळ्यांचं होतं तसं तिचंही रक्त तपासलं, आणि संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला : "एचसीव्ही पॉझिटिव्ह आहे, ऑपरेशन थांबवा, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवा." दीर रिपोर्ट आणायला गेला, तर काउंटरवरचा माणूस गुजरातीत बोलून गेला, "झेरी कमळो छे." झेरी म्हणजे विषारी, कमळो म्हणजे कावीळ. घरात सगळ्यांच्या कानात राहिला तो फक्त पहिला शब्द. रात्री नंदुरबारकडच्या गावाला फोन झाला. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "पहिले तिले आठे लई या, माळ घालसूत." दुसऱ्या दिवशी उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत वहिनी बसली.

घर काल्पनिक आहे, पण डिंडोली, लिंबायत, नवागाम, उधना, गोडादरा या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. या घराची चूक घाबरण्यात नाही. विषारी कावीळ म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? चूक गाडी पकडण्यात आहे. कारण हिपॅटायटीस सी हा आज असा आजार आहे की बहुतेक पेशंटला रोज घ्यायच्या गोळ्यांवर, बारा आठवड्यांत, कायमचा बरा करता येतो. शंभरातले पंचाण्णवच्या वर पेशंट बरे होतात. आणि सरकारी कार्यक्रमात या गोळ्या आणि तपासण्या मोफत आहेत.

माळ घालून जी बरी होते ती कावीळ ही नव्हे

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, लघवी पिवळी, जेवण जात नाही, पावसाळ्याचे दिवस. ती बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए किंवा ई असते, दूषित पाण्यातून येते, आणि अंगात ताकद असलेल्या माणसाची ती काही आठवड्यांत आपली आपण उतरते. (गरोदर बाईला ई झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे एक दिवसही घालवू नये.) आपण उतरणाऱ्या या आजाराचं श्रेय माळेला जातं. माळ वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे बांधून केलेली असते. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, म्हणजे "कावीळ उतरतेय". हात चुन्याच्या निवळीत धुवून पाणी पिवळं करून दाखवतात, तेही तसंच. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होतो, मग माणसाला कावीळ असो वा नसो.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांची टिंगल म्हणून हे लिहीत नाही. ए आणि ई साठी आजही खास गोळी नाही. आराम, पाणी, हलकं जेवण हाच उपाय आहे, त्यामुळे माळेने नुकसान फारसं होत नव्हतं. सी च्या बाबतीत होतं. सी चा विषाणू रक्तातून येतो, लिव्हरमध्ये मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं काहीच दाखवत नाही. डोळे पिवळे होत नाहीत. थोडा थकवा, थोडी अॅसिडिटी, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे हा विषाणू अंगात टिकून राहिलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांचं लिव्हर वीस वर्षांत सुकून कडक होतं, ज्याला डॉक्टर सिऱ्हॉसिस म्हणतात. त्यातल्या काहींना पुढे लिव्हरचा कॅन्सर. ज्या दिवशी डोळे पिवळे दिसतात आणि पोटात पाणी भरतं, त्या दिवशी आजार वीस वर्षांचा झालेला असू शकतो.

म्हणून ऑपरेशनआधीच्या तपासणीत किंवा रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून आलेल्या फोनमुळे हा आजार सापडणं ही खरं तर नशिबाची गोष्ट. लिव्हर अजून धड असताना कळलं.

आला कुठून?

रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न हाच, आणि तो प्रश्न विचारताना नजर संशयी असते. बाईचा रिपोर्ट असेल तर जरा जास्तच. म्हणून सरळ सांगतो.

हा विषाणू मुळात सापडलाच १९८९ मध्ये. त्याआधी शास्त्रज्ञ त्याला "ए नाही आणि बी नाही" अशा नावाने ओळखत. हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना या शोधासाठी २०२० चं नोबेल मिळालं. भारतात रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. म्हणजे त्याआधी धुळ्यात, जळगावात, सुरतेत, कुठेही ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांच्या पिशवीत सी आहे की नाही हे बहुतेक वेळा कुणी पाहिलेलंच नव्हतं. आपल्या गोष्टीतल्या वहिनीचं पहिलं बाळंतपण १९९६ चं, सिझेरियन, दोन बाटल्या रक्त. तिने त्यानंतर काहीही "केलेलं" असायची गरज नाही.

दुसरा रस्ता सुईचा. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना गावच्या डॉक्टरची काचेची सिरिंज आठवत असेल, स्टीलच्या डब्यात, कोमट होत चाललेल्या पाण्यात पडलेली. एकाच सुईने आठवडी बाजाराच्या दिवशी वीस जणांना टोचायचं. नंतर प्लास्टिकच्या सिरिंज आल्या, पण सवय गेली नाही. २००२ ते २००४ च्या दरम्यान देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली ६० टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात. गुजरातला याचा फटका २००९ च्या फेब्रुवारीत बसला. साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटीस बी पसरला आणि अनेक माणसं दगावली. तो बी होता, पण सी चा रस्ता तोच.

आणि आपल्या वस्तीत सुईची मागणी आपणच करतो हेही कबूल करावं लागेल. बारा तासांची पाळी, लूम बंद ठेवता येत नाही, रोज भरायचा असतो. ताप आला की पांडेसरातून सुटून थेट दवाखाना : "डॉक्टर, सुई मारा, बाटली चढवा, उद्या उभं राहायचंय." जो डॉक्टर गोळी देतो तो कच्चा, जो सुई टोचतो तो हुशार. तुमची सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली का, एवढं बघायचा हक्क दहा रुपयांच्या दवाखान्यातही आहे.

याशिवाय न्हाव्याचा जुना वस्तरा, जत्रेतलं गोंदण (सारंगखेड्याच्या यात्रेत रांगेत बसून एकाच सुईने नावं गोंदवून घेणारी पोरं आपण पाहिलीत), नशेची सुई, डायलिसिस, थॅलेसेमियामुळे वारंवार चढवलेलं रक्त हेही रस्ते आहेत. आईकडून बाळाला जाण्याची शक्यता शंभरात पाच-सहाच्या आसपास. नवरा-बायकोच्या संबंधातून सी पसरू शकतो, पण क्वचित.

एका ताटात जेवल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने, बाळाला अंगावर पाजल्याने हा पसरत नाही. तेव्हा वहिनीचं ताट-वाटी वेगळी काढायचं काम नाही. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याने वेगळं ठेवावं, तेवढं पुरे.

एक टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

पहिली टेस्ट अँटीबॉडीची असते. कार्डावर थेंब टाकून दहा-वीस मिनिटांत होते. ती एवढंच सांगते की हा विषाणू कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेला, शरीराने त्याच्याविरुद्ध हत्यार तयार केलं. विषाणू आज आहे की गेला, हे ती सांगू शकत नाही. आणि शंभरातल्या १५ ते ४५ जणांच्या अंगातून तो पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो. हत्यार मागे राहतं, चोर पळालेला असतो.

म्हणून दुसरी टेस्ट. नाव लिहून ठेवा : एचसीव्ही आरएनए, काही ठिकाणी व्हायरल लोड म्हणतात. ही रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधते. तिच्यात "डिटेक्टेड" आलं तरच उपचार. "नॉट डिटेक्टेड" आलं तर औषधाची गरज नाही. बाहेर ही टेस्ट काही हजारांत जाते. सरकारी कार्यक्रमात मोफत होते. अँटीबॉडीच्या एका कागदावर कुणी महागडी औषधं लिहून देत असेल, किंवा काढा-चूर्णाचा सहा महिन्यांचा कोर्स गळ्यात मारत असेल, तर आधी विचारा : आरएनए केलं का?

लाखाची गोळी मोफत कशी झाली

दहा-बारा वर्षांपूर्वी हा लेख लिहिला असता तर तो वेगळा आणि बराच उदास झाला असता. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. आठवड्याला एक, सोबत रायबाविरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. प्रत्येक सुईनंतर ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं, काहींना तर जगणं नको वाटावं इतकी उदासी. खर्च लाखांत. आणि एवढं सोसून बऱ्याच जणांचा विषाणू जातच नसे. घर विकून उपचार करायचा की नाही, असा सरळ प्रश्न होता.

मग सोफोसबुविर आलं. अमेरिकेतल्या फार्मासेट कंपनीत मायकेल सोफिया नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या चमूने ते तयार केलं. औषधाच्या नावातला "सोफ" त्याच्या आडनावातला आहे. पुढे गिलियड कंपनीने फार्मासेट विकत घेतली आणि डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. किंमत : एक गोळी १,००० डॉलर. बारा आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलर. तेव्हाच्या भावाने पन्नास लाख रुपयांच्या वर.

औषध काम कसं करतं हे डिंडोलीत समजावणं सोपं आहे, इथे अर्धी वस्ती लूमवर आहे. विषाणू लिव्हरच्या पेशीत बसून आपल्याच नकला विणत असतो, एकामागे एक कडी जोडत. सोफोसबुविर हे त्या कडीसारखं दिसणारं खोटं सूत. विषाणूचं यंत्र ते खरं समजून ओढून घेतं आणि तिथेच विणकाम तुटतं, पुढचा धागा जोडला जात नाही. जोडीचं दुसरं औषध, डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, विषाणूचं दुसरं एक प्रथिन अडवतं, ज्याच्याशिवाय नक्कल आणि बांधणी दोन्ही होत नाहीत. दोन बाजूंनी कोंडी झाली की काही आठवड्यांत रक्तातून विषाणू दिसेनासा होतो. हिपॅटायटीस बी चा विषाणू पेशीच्या गाभ्यात आपली मूळ प्रत लपवून ठेवतो, म्हणून बी ची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. सी ला अशी लपायची जागा नाही. म्हणून तो मुळापासून जातो.

पन्नास लाखांचं औषध आपल्यापर्यंत आलं ते पेटंटच्या भांडणातून. भारतात रुग्णांच्या संघटनांनी पेटंटला हरकत घेतली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना हे औषध बनवून ९१ विकसनशील देशांत विकायचा परवाना दिला. त्यात अहमदाबादची कॅडिलाही होती. जानेवारी २०१५ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने गिलियडचा एक दावा फेटाळला. (२०१६ च्या मे महिन्यात पेटंट मंजूर झालं ते झालंच, पण तोवर बाजार उघडला होता.) मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली. कंपन्या वाढल्या, भाव घसरत गेला. जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने आपल्या राज्यात मोफत उपचार सुरू केले, कारण तिथे सी चं प्रमाण फार होतं. आणि २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटीस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. हेच ते मोफत औषध. एका गोळीचे हजार डॉलर आणि आपल्या हातातली फुकट बाटली यांच्यात पाच वर्षंही गेली नाहीत. एवढी मोठी गोष्ट होऊन आपल्या वस्तीत ती किती घरांना ठाऊक आहे, याचा विचार केला की वाईट वाटतं.

सुरू करण्याआधी डॉक्टर काय बघतात

लिव्हर किती बिघडलंय हे आधी बघतात. वय, लिव्हरची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट अशा चार आकड्यांवरून एक अंदाज निघतो, सोबत सोनोग्राफी. लिव्हर ठीक असेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज घ्यायची, ८४ दिवस. सिऱ्हॉसिस असून लिव्हरचं काम चालू असेल तर सोफोसबुविर आणि वेलपाटासविर, तेही ८४ दिवस. पोटात पाणी, रक्ताची उलटी, बरळणं असं काही होऊन गेलं असेल तर मोठ्या रुग्णालयातच उपचार. तिथे रायबाविरिन जोडतात किंवा कोर्स लांबवतात.

हिपॅटायटीस बी ची तपासणी न करता हा कोर्स सुरू करू नये. दोन्ही विषाणू एकत्र असले तर सी गेल्यावर दबून राहिलेला बी उसळू शकतो. बी नसेल तर त्याची लस घेता येते. सी ची लस अजून नाही.

आणि तुमच्या इतर गोळ्यांची पिशवी डॉक्टरसमोर ओता, सगळी. टीबीच्या औषधातली रिफॅम्पिसिन, फिट्सच्या काही गोळ्या या औषधाची ताकद मारतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीची अॅमिओडॅरोन सोबत असेल तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट अॅसिडिटीच्या गोळीची. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही गोळी चहाआधी खाल्ली जाते आणि तिला कुणी औषध समजतच नाही. वेलपाटासविरसोबत ती घेतली तर वेलपाटासविर पोटातून नीट शोषलं जात नाही. सांगा डॉक्टरला. गावाकडून आलेली पुडी असेल तर तीही सांगा, ओरडा बसला तरी.

दिवस गेलेले असतील तर उपचार साधारणपणे बाळंतपण आणि अंगावर पाजणं संपल्यावर करतात. त्रास म्हणाल तर डोकं दुखणं, थकवा, थोडी मळमळ; बहुतेक लोक पाळी न चुकवता कोर्स पूर्ण करतात. दारू मात्र बंद. विषाणू एका बाजूने मारायचा आणि दुसऱ्या बाजूने लिव्हरवर दारू ओतायची, याला अर्थ नाही.

८४ गोळ्या आणि दोन राज्यं

औषध साधारण २८ गोळ्यांच्या बाटलीत येतं, म्हणजे तीन बाटल्या. दर महिन्याला नवी बाटली. आणि इथेच आपल्या लोकांची अडचण सुरू होते, कारण आपण वर्षात तीन महिने सलग एका गावात कधी असतो? आखाजीला गाव, लग्नसराईत गाव, पेरणीला गाव, कुणी गेलं तर दहाव्याला गाव. बाटली डिंडोलीतल्या खोलीत, माणूस साक्रीत.

मधे गोळ्या तोडल्या तर विषाणू उरतो, आणि उरलेला विषाणू त्या औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. दुसरा कोर्स असतो, पण तो जास्त अवघड. तेव्हा बाटली प्रवासाच्या पिशवीत आधी, कपडे नंतर. गोळी रोज एकाच वेळी; रात्रपाळी आठवड्याला बदलत असेल तर पाळीच्या वेळेशी न बांधता, दोन्ही पाळ्यांत जागे असाल अशी वेळ धरा. एखाद्या दिवशी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर घेऊन टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, नेहमीची एकच घ्या आणि पुढच्या भेटीत सांगा.

लांबच्या गावी जायचं असेल तर जाण्याआधी सेंटरवर सांगा, पुढची बाटली आधी मिळेल का किंवा तिकडच्या सेंटरवर नाव फिरवता येईल का ते विचारा, आणि उपचाराचा कागद सोबत ठेवा. नवापूरच्या स्टेशनवर ते बाकडं आहे ना, निम्मं गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात; त्याच्या दोन्ही टोकांना हा कार्यक्रम एकच आहे, केंद्राचा, औषधंही तीच.

सुरतेत विचारपूस करायची तर मजुरा गेटजवळचं नवी सिव्हिल आणि उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर, ही दोन मोठी रुग्णालयं. खान्देशात नंदुरबार, धुळे आणि जळगाव इथली शासकीय मेडिकल कॉलेजं. केस पेपर काढताना "नॅशनल व्हायरल हिपॅटायटीस प्रोग्रामचं सेंटर कुठे बसतं" असं नाव घेऊन विचारा. नुसतं "कावीळ" किंवा "कमळो" म्हटलं तर भलत्याच ओपीडीच्या रांगेत दिवस जाईल. ओळखपत्र न्या. आधारवर गावाचा पत्ता असेल तर तो लपवू नका, काउंटरवर सरळ सांगा की राहतो डिंडोलीत, आणि उपचार इथेच पूर्ण करायचाय.

शेवटची टेस्ट, जी बहुतेक लोक करत नाहीत

८४ गोळ्या संपल्या की लोक मोकळे होतात. पण बरे झालात की नाही हे त्या दिवशी कळत नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवडे थांबून आरएनए पुन्हा करायचं. तेव्हा "नॉट डिटेक्टेड" आलं की विषाणू गेला.

तो कागद लॅमिनेशन करून ठेवण्यासारखा आहे. कारण अँटीबॉडीची टेस्ट बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येत राहते. पाच वर्षांनी वहिनीचं दुसरं काही ऑपरेशन निघालं तर पुन्हा कार्डावर रेघ उमटणार, पुन्हा कुणीतरी "झेरी कमळो" म्हणणार, आणि तो कागद नसेल तर सगळं घर पुन्हा घाबरणार. रक्तदान मात्र बरे झाल्यावरही करता येत नाही; रक्तपेढ्या कायमची मनाई ठेवतात. ज्यांना सिऱ्हॉसिस झाला होता त्यांनी विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. आणि एकदा बरे झालात म्हणजे पुन्हा लागण होत नाही असं नाही. वापरलेली सुई पुन्हा टोचली गेली तर सी पुन्हा येऊ शकतो.

वहिनीच्या घरी आणखी दोघांची टेस्ट व्हायला हवी, नवऱ्याची आणि १९९६ नंतर झालेल्या धाकट्या मुलांची. २००१-०२ आधी रक्त चढवलेलं कुणी घरात असेल, तर त्यांचीही.

आता हिशेब मांडू. नंदुरबारहून परत आणून आरएनए केलं, ते डिटेक्टेड आलं, लिव्हर ठीक निघालं आणि पहिली गोळी १ ऑगस्टला घेतली, असं धरलं तर चौऱ्याऐंशीवी गोळी २३ ऑक्टोबरला येते. मधे पोळा, गणपती, नवरात्र, सगळं गावाकडे ओढणारं, बाटली सोबत हवी. त्यापुढचे बारा आठवडे १५ जानेवारीला पूर्ण होतात. सुरतेत तो वासी उत्तरायणचा दिवस, गच्चीवर सगळं शहर, लॅबमध्ये माणूस भेटणं कठीण. चार दिवस उशिरा गेलं तरी टेस्टला काही फरक पडत नाही; लवकर मात्र जाऊ नये.